अठ्ठेचाळीसचं अ‍ॅव्हरेज

आप्पा, मी लातूरच्या आडत बाजारात काकांच्या गाडीत बसून राहिलोय. काका आत तुरीचा भाव करून राहिलेत. मला खाली उतरायचं न्हाई, हुकूम हाय. तुम्ही गेल्यापासून मी अन् आई त्यांच्याच घरी. शाळा सुटली, मी त्यांचा डायवर झालो. नांदेडात दोस्तानं गॅरेज टाकलंय, ये म्हणतो. पण मी आपणहून 'जातो' म्हणलो तर आईला त्या घरात घास गिळायचा न्हाई. म्हणून काकांनीच मला हाकलायला पाहिजे. तेवढ्यासाठी मी डोकं लावलं.

काका गाडीत बसले की आधी पडद्यावरचं अ‍ॅव्हरेज बघतात. "सतराच? तुझा बाप खटारा जीपला काढायचा एवढं!" एक दिवस मी स्टिअरिंगवरचं बटण दाबून धरलं, तर सतराचे अठ्ठेचाळीस झाले. मोबाइलवर बघितलं. विलायतेत लिटर-किलोमीटर न्हाई, गॅलन अन् मैल. त्यांचा गॅलन साडेचार लिटरचा, मैल दीड किलोमीटरहून जरा मोठा. गाडी तीच, डिझेल तेवढंच, आकडा जवळजवळ तिप्पट! पंपावर काकांच्या डाळमिलचं खातं हाय, डिझेल किती गेलं ते काका बघतच न्हाईत. तसंच ठेवलं. म्हणलं, आता हे बाजारात बढाई मारणार, लोक हसणार, अन् घरी येऊन मला लाथ घालणार.

बढाई मारली की. एक आडत्या म्हणला, "अठ्ठेचाळीस? मालक, गाडी हाय का मोटारसायकल?" लोक हसले बी. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "गाडीचं काय न्हाई त्यात. बापाचा पाय हाय ह्याचा. ह्या पोराला मी जन्मात सोडत न्हाई." घ्या. माझ्याच हातानं कडी लावून घेतली.

बापाचा पाय म्हणे. उमरीच्या रस्त्यावर तुम्ही मला पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसवता. "पाय असा ठेव, निजलेल्या लेकराच्या पोटावर हात ठेवल्यावाणी." मी मुद्दाम दाबतो. जीप उडते, मागं दुधाचे कॅन आदळतात. तुम्ही टपली मारता, अन् तोंड खिडकीकडं करून हसता. तुम्ही टाकी गळ्यापर्यंत भरून, उमरीला जाऊन येऊन, परत गळ्यापर्यंत भरून अ‍ॅव्हरेज काढायचे. "काट्याला काय कळतंय?" म्हणायचे.

मघाशी दोस्ताचा फोन आला. "सोमवारी आला न्हाईस तर दुसरा पोरगा घेतो बघ." परवाच सोमवार. मी परत बटण दाबलं. अजून एक हिशोब हाय त्यात, शंभर किलोमीटरला किती लिटर. पाच पॉइंट नऊ. तिथं आकडा जितका बारका तितकं चांगलं, पण काकांना ते कुठलं ठाव? अठ्ठेचाळीसचे सहा झालेले बघितले तर इथंच चाबी काढून घेतील. दार उघडंच हाय आप्पा. नुसतं बसून ऱ्हायचं.

काका येताना दिसले, अन् माझं बोट परत बटणावर गेलं. अठ्ठेचाळीस. ते बसले, पडदा बघितला. "बापाचा पाय," म्हणले, अन् मी गाडी मिलकडं घेतली.

आता मिलच्या दारात बसून हे लिहिणं पुरं करून राहिलोय. फोनातच ऱ्हाईल, धाडणार कुठं? आकडा खोटा हाय, माहीत हाय मला. पण त्या घरात तुमचं नाव दुसऱ्या कशावरून निघतच न्हाई. उद्याचा एक दिवस हाय अजून. अजून एकदा ऐकू वाटतं.