विद्याच्या घरची ओटी

३ जानेवारी
आरक्षणाची सोडत झाली. आमचा प्रभाग बायकांना गेला. भरत (तोंडावर अहो, इथं भरत) शिरोलीचा कारखाना सोडून लवकर घरी आला, बूट दारातच भिरकावले आणि तसाच जेवायला बसला. बिचारा किती वर्षं ह्या एका जागेसाठी लोकांना जेवायला घालतोय. गणपतीचा महाप्रसाद, कोजागिरीचं दूध, कुणाच्याही पोराचा वाढदिवस. वाढून वाढून हात माझे दुखले, आणि चिठ्ठी निघाली ती अशी.
मग साहेबांचा फोन. साहेब म्हणजे ह्याच्या पक्षात तिकीट ज्यांच्या हातात ते. गच्चीवर जाऊन बोलला, खाली आला तो हसतच. मी मेथी निवडत होते.
"पद्मा, तू उभी राहा."
"बरं," म्हटलं. चहा टाक म्हटल्यावर म्हणते तसंच. का म्हटलं कुणास ठाऊक.

५ जाने.
घरातच दोन पक्ष. भ.चं म्हणणं, तांबडा-पांढरा रस्सा घातल्याशिवाय कोल्हापुरात माणूस मतदार होत नाही. आपल्या जैनाच्या घरात शिजत नाही, तर मित्राच्या मळ्यावर शिजवू. आक्का (सासूबाई) जपाची माळ खाली ठेवून म्हणाल्या, "मळ्यावर शिजलं तरी नाव कुणाच्या घरचं?"
"पुरणपोळीवर कोण मत देतंय, आक्का?"
"मग नगं देऊ दे."
रस्सा रद्द. त्याऐवजी संक्रांतीचं हळदीकुंकू (ह.कुं.) दणक्यात करायचं, तेही दिवस मावळायच्या आत, कारण आक्का अंधार पडल्यावर जेवत नाहीत आणि त्यांना शेवटपर्यंत बसायचंय. भ. कपाळाला हात लावून बसला.

९ जाने.
गल्लोगल्ली भेटी. सगळीकडे एकच संवाद.
"दादा उभारल्यात न्हवं?"
"नाही हो, मी."
"व्हय की, म्हंजे दादाच की!"
घरी येताना कळलं, समोरच्या पक्षानं विद्याला पुढं केलंय. विद्या! शाळेपासूनची. हिनंच मला रंकाळ्यावर स्कूटर शिकवली. मी ती भेळेच्या गाडीवर घातली, तर बोलणी हिनं खाल्ली. आता बचत गटाच्या बायका घेऊन फिरते, सगळा प्रभाग तिला ओळखतो. तिच्यावर राग यायला पाहिजे असं भ. म्हणतो. येत नाही. बरंही वाटत नाही. मग नक्की काय वाटतंय?

१६ जाने.
विद्या स्वतः दारात. हातात कुंकवाचा करंडा. "संध्याकाळी माझ्याकडं ह.कुं. हाय. निवडणूक गेली खड्ड्यात, तू यायचंस."
भ. शिरोलीला. आक्कांना विचारलं. "हळदीकुंकवाला न्हाय म्हणतात व्हय? जाऊन ये जा."
गेले. तिनं वाण दिलं, शेजारी बसवून ओटी भरली. नारळ, तांदूळ, जांभळा खण. कुणीतरी फोटो काढला. आम्ही दोघी त्या भेळेच्या गाडीची गोष्ट सांगून पोट धरून हसत होतो. फार दिवसांनी इतकं हसले.

१७ जाने.
फोटो सगळ्या प्रभागाच्या फोनवर. खाली लिहिलंय: पद्मावैनींनी घेतली ओटी, विद्याताईंना दिला पाठिंबा.
भ. सकाळपासून घरभर येरझाऱ्या. "ओटी घेतलीस म्हणजे माघार घेतलीस! सगळ्या गावाला कळतं, तुला कळत नाही?" साहेब म्हणाले म्हणे, आधी ओटीचं निस्तरा, मग तिकिटाचं बघू.
विद्याला फोन केला. चांगलीच तडकले होते.
"फोटो आमच्या पोरींनी टाकला गं. काढाय सांगते. आईशप्पत, मला म्हाईत न्हवतं." मग म्हणाली, "पण पद्मा, तुला उभारायचं हाय व्हय? मला वाटलं भरतदादास्नी उभारायचं हाय."
दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

१९ जाने.
भ.ची नवी युक्ती: ओटी परत कर, तीही चार लोकांदेखत. आक्का ताडकन उठल्या. ओटी कुणी परत करतं का? आणि करणार तरी काय? नारळ त्यांनी कालच फोडून वड्यांत घातला, तांदळाचा भात झाला. आज सकाळी भ.नंच त्यातल्या चार वड्या चहाबरोबर खाल्ल्या. हे त्याला सांगितल्यावर त्याचा चेहरा असा झाला की मी आत जाऊन हसून घेतलं. खण तेवढा कपाटात आहे.

२२ जाने.
आज आमचं ह.कुं. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांची दोन माणसं दारात खुर्ची टाकून बसलेली. ऊन उतरायला लागलं आणि विद्या आली. बोलावलं होतं मीच, भ.ला न सांगता. सगळ्या माना दाराकडं. भ. लांबून हातानं नको नको करतोय.
मी तिला पाटावर बसवलं. ओटी भरली. नारळ, तांदूळ, हिरवा खण. तिनं वाकून आक्कांना नमस्कार केला. मागून एक बाई ओरडली, "आता फिट्टंफाट!" आणि सगळा मांडव हसला. साहेबांची माणसंही.
तिकीट मिळालं. भ. म्हणतो, हे मुद्दामच केलंस ना, डोकं आहे तुला. मुद्दाम नव्हतं. की होतं?

२३ जाने.
अर्ज भरला. विद्यानंही. हार माझ्या गळ्यात, मुलाखत भ.ची.

२५ जाने.
ह.कुं.ला खालच्या गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, नळाला करंगळीएवढं पाणी येतंय. आज त्यांना घेऊन टाकीवर गेले. भ.ला सांगितलं नाही. तिथला अधिकारी म्हणाला, "मिस्टरांना पाठवा, बोलू." माझं टाळकं सटकलं. म्हटलं, पाणी मी भरते, मिस्टर नाही. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. शेवटी माणूस आला आणि व्हॉल्व्ह फिरवून गेला. संध्याकाळी गल्लीत धो धो पाणी. एका म्हातारीनं माझा हात धरून ठेवला, सोडेचना.
आनंद झाला. साधा नाही, फार झाला. हे भ.ला सांगावं की नाही कळेना. नाही सांगितलं.

२८ जाने.
साहेब चहाला आले. बशीत ओतून प्यायले, वड्यांची तारीफ केली, मग मुद्द्यावर आले. वरच्या पातळीवर दोन्हीकडचं जमलंय. आमची जागा विद्याच्या पक्षाला सोडायची. मी माघार घ्यायची, ती बिनविरोध. बदल्यात भ. स्वीकृत नगरसेवक, म्हणजे लोकांकडं मतं न मागता सभागृहात.
"वैनी, तुमची ओटी फळली बघा!"
भ.चा चेहरा असा उजळला की बघवेना. इतक्या वर्षांत इतका खूश पाहिला नव्हता. साहेब गेल्यावर म्हणाला, "तुला तरी कुठं उभं राहायचं होतं?"
खरं आहे. नव्हतं. त्या मेथीच्या दिवशी नव्हतं.
विद्याला फोन केला. तिला आधीच कळलं होतं. म्हणाली, "मी कुणाला सांगाय गेल्ते न्हाय. तू ऱ्हायलीस तर लढू. बसलीस तर मी निवडून येईन, पण गंमत न्हाय त्यात." मग ती म्हणाली, "टाकीवरचं समजलं मला. जळले मी."

२९ जाने.
उद्या माघारीचा शेवटचा दिवस. भ.ला बघून गलबलतं. कपडे इस्त्रीला दिलेत, माझी साडीसुद्धा त्यानंच काढून ठेवली. त्याचं स्वप्न आहे, खोटं नाही. तो माझ्याशी कधी वाईट वागला नाही. मग मला हे असं का वाटावं, कुणी ताटातलं काढून घेतल्यासारखं? पंधरवड्यापूर्वी ताटात काय वाढलंय हेही मला ठाऊक नव्हतं.
आक्का दिवस मावळायच्या आत जेवल्या. हात धुताना म्हणाल्या, "पाण्याच्या टाकीवर काय बोललीस गं? खालच्या गल्लीतली सांगत होती." सांगितलं. त्या माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या, मग माळ घेऊन आत गेल्या.
भ. आत्ताच दारात आला. "सकाळी दहाला निघू. सही केली की पाच मिनिटांचं काम. बरं?"
बरं तोंडात आलं होतं. म्हटलं नाही. तो अजून बाहेर उभा आहे.