बूट घालून स्वयंपाकघरात

आशागड, बुधवार संध्याकाळ

आज बूट घालूनच स्वयंपाकघरात गेले. चिकू काढताना झाडावरून पडले, मणक्याला मार लागला, तेव्हापासून उजवं पाऊल उचलत नाही. ते धरून ठेवणारा स्प्लिंट बुटाशिवाय बसत नाही, आणि आमच्याकडे चपलासुद्धा दाराबाहेर. म्हणून इतके महिने खाटेवर बसून भाजी निवडत होते. का पण?

सासूबाई बुटाकडे बघतच राहिल्या. म्हटलं, "आई, हा घरातलाच. बाहेर नाही नेणार."

मी वॉकर बाजूला सारला, कंबर ओट्याला टेकवली आणि तांदळाची भाकरी थापली. उभ्याने! पाय थरथरले, पण टिकले. त्यांची नजर पुन्हा बुटाकडे. मग म्हणाल्या, "तव्याकडे बघ गं, करपतेय!"

पडल्यापासून पहिल्यांदाच मला ओरडल्या. किती बरं वाटलं!