पेल्टियेंना बघायला गेलेले सदतीस जण

आदरणीय अबशिरमामांना त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा, गुलेदचा, मनापासून सलाम.

तुमची तब्येत कशी आहे, मामींचं ब्लडप्रेशर खाली आलं का, मशिदीतला तुमचा मुलांचा वर्ग नीट चाललाय का, आणि तिकडे कोलंबसला पाऊस झाला का? (पावसाची चौकशी केल्याशिवाय पत्र पुढे नेऊ नये, हे तुम्हीच शिकवलंत. इथे गुडघाभर बर्फ आहे आणि त्याची चौकशी कुणी करत नाही.) आम्ही सगळे अगदी मजेत आहोत. वर्तमानपत्रातलं काही तुमच्या कानावर आलं असेल तर ते तितकंसं खरं नाही. जमाव वगैरे काही नव्हता. सदतीस माणसं होती. हे फोनवरच सांगितलं असतं, पण आमच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत आणि तुमच्या बहिणीचे कान तुम्हाला ठाऊक आहेत.

तर झालं असं. कोपऱ्यावर चपला-बुटांच्या दुरुस्तीचं दुकान होतं, सहा वर्षं बंद पडलेलं. आईने तिथे चहा आणि तिकोनी तळलेले सांबुसे विकायचं ठरवलं. आठ वर्षं ती लाँड्रीत ओल्या चादरी उचलते आहे. आता रात्री गुडघ्यांना तेल लावताना ती दुसरीकडे तोंड करून बसते, मला दिसू नये म्हणून. दुकानाला महापालिकेची परवानगी लागते, आणि परवानगीआधी सुनावणी असते, जिथे गावातला कुणीही उठून तीन मिनिटं बोलू शकतो. (तीन मिनिटं, मामा. तुमचा तर घसाही तेवढ्यात साफ होत नाही.) परवानगी मिळाली नाही तर आई म्हणते, चल, मिनियापोलिसला जाऊ. तिला हे सोपं वाटतं. मला नाही वाटत. दादाबची निर्वासित छावणी सोडली, अटलांटा सोडलं, आता इथे मला चार लोक नावाने ओळखतात आणि टपालवाली थांबून बोलते. मला आणखी कुठे जायचं नाही. हे मी आईला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आता दुकानाला लागून राहतात आर्मां पेल्टिये. वय एक्याऐंशी, घरची भाषा फ्रेंच, पूर्वी कापड गिरणीत फोरमन, एकटेच असतात. आपल्या सोमाली लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव ‘भुवया’ ठेवलं. (अपमान नाही हो; आपल्यात लंगडा यूसुफ आहे, दातपड्या वारसमे आहे, मग त्यांनाच कशाला वगळायचं?) भुवयांनी दुकानाविरुद्ध दोनशे अकरा सह्या गोळा केल्या आणि वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. कारणं तीन : गाड्या लावायला जागा नाही, तळणीचा वास, आणि ‘पुरुष फूटपाथवर उभे राहून भांडतात’. मी हे आपल्या लोकांना वाचून दाखवलं तेव्हा सगळे चक्रावले. भांडतं कोण? मग माझ्या लक्षात आलं की आपण हवापाण्याच्या गप्पा मारतो त्या आवाजात हे लोक घर पेटलं तरी बोलत नाहीत.

महिन्याभरापूर्वी भुवया आपल्या पायऱ्यांवरच्या बर्फावरून घसरले आणि खुबा मोडला. रुग्णवाहिका मी पाहिली. आणि माझी अवदसा अशी की घरी येऊन ते आईला सांगितलं. मला वाटलं होतं तिला जरा बरं वाटेल. (मला वाटलं होतं. अल्ला माफ करो.) ती उलट माझ्यावरच उखडली. "शेजारी अंथरुणाला खिळलाय आणि तू खुर्चीत बसून सांगतोस? लाज आहे का?" म्हटलं, आई, तो आपल्या विरोधात आहे. म्हणाली, "विरोध त्याच्या तोंडात आहे. मोडलाय खुबा."

ते घरी आल्यावरच्या शुक्रवारी नमाज झाली आणि आईने बायकांकडून निरोप फिरवला. आजाऱ्याला बघायला जायचं म्हटलं की आपल्यात कुणी मागे राहत नाही, उद्या आपणही आजारी पडणार असतो. सदतीस जण आले. थंडी इतकी की सगळ्यांनी काळे लांब कोट, टोप्या, तोंडावर मफलर. बायकांच्या हातात पातेली. आत जागा नसेल म्हणून पुरुष पायऱ्यांवर आणि फूटपाथवर ओळीने उभे राहिले, आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून शेख नूर यांनी हात वर करून आजाऱ्यासाठी दुआ सुरू केली. त्यांचा आवाज तुम्ही ऐकलाय. बाकीचे छत्तीस जण दर वाक्याला ‘आमीन’ म्हणत होते.

मामा, आता हे आतून कसं दिसलं असेल ते बघा. ज्याने सोमालींविरुद्ध सह्या गोळा केल्या, ज्याला पळता येत नाही, तो म्हातारा पडदा सारतो आणि समोर हे. त्यांनी पोलिसांना फोन केला. मी केला नसता असं छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

पोलीस आले, दोघं. मी पुढे झालो. म्हटलं, साहेब, आम्ही आजाऱ्याला बघायला आलोय. त्यातला एक म्हणाला, "सगळे?" म्हटलं, काहींना कामावरून सुटी मिळाली नाही. एवढ्यात आईने त्याच्या हातात गरम सांबुसा ठेवला आणि मला म्हणाली, "याला सांग, थंडीत पोरगं उघड्या कानांनी फिरतंय, आईने टोपी दिली नाही का?" हे मी सांगितलं नाही. पोलीस आत जाऊन आला आणि म्हणाला, दोन-दोन जण जा, पाच-पाच मिनिटं. मग तोच दारात उभा राहून रांग लावत होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी : ‘विरोधकाच्या घरासमोर जमाव, पोलीस पाचारण’. सांबुशाचा उल्लेख नाही.

तेव्हापासून मला झोप नाही. सुनावणी येत्या गुरुवारी आहे आणि गावात जो भेटतो तो माझ्याकडे बघून जरा जास्तच हसतो. आईला काही नाही. आजारी बरा होईपर्यंत जायचं असतं, म्हणून ती रोज जाते. दोघांना एकमेकांच्या बोलण्यातलं एक अक्षर कळत नाही. ती त्यांच्या स्वयंपाकघराला सोमालीत नावं ठेवते, ते फ्रेंचमध्ये गाऱ्हाणी सांगतात, आणि सूप संपतं. मी डबा धरून उभा असतो. काल धीर करून विचारलं, आता दुकानाबद्दल काय मत आहे? म्हणाले, "मी विरोधात आहे. सूपचा काय संबंध?"

असो. काळजीचं काही नाही. मामींना सलाम.

तुमचा भाचा,
गुलेद

ता. क. खरी गोष्ट लिहायची राहिली. काल निघताना भुवयांनी मला थांबवलं. सुनावणीला त्यांना बोलायचंय, पण गाडी चालवता येत नाही. सह्या करणाऱ्या कितीतरी जणांना त्यांनी फोन केले. गुरुवारी सगळ्यांना कामं आहेत. म्हणाले, "तू नेशील का? तुम्ही लोक तसेही येताच." मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, काय म्हणतोय? मी सांगितलं. म्हणाली, नेणार.

ता. क. २. तर विचारायचं एवढंच. तुम्ही चाळीस वर्षं धर्म शिकवलात. माझ्या गाडीची बॅटरी जुनी आहे. ती गुरुवारी आपणहून बंद पडली आणि मी फक्त काही केलं नाही, तर पाप लागतं का? उत्तर लवकर पाठवा, आणि आईच्या नावावर पाठवू नका.

ता. क. ३. उत्तर नको. पत्र पेटीत टाकायचं राहिलं आणि आज सकाळी गाडी खरंच सुरू होईना. मी काहीही केलं नव्हतं, शपथ. आईला सांगितलं, तिने फोन उचलला, आणि अर्ध्या तासात अंगणात बॅटरीला जोडायच्या तारा घेऊन अकरा माणसं. भुवया पलीकडून आपल्या घराची खिडकी उघडून ओरडत होते, लाल आधी जोडा, गाढवांनो. गाडी सुरू झाली. गुरुवारी पाच वाजता मी त्यांना घेऊन निघतोय, आमच्या विरोधात बोलायला. दुआ करा, मामा. कुणासाठी करायची ते मला ठरवता येत नाहीये, तुम्हीच ठरवा.