चौदा नंबरचा बिल्ला

।। श्री ।।
३ जून

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. चोपन्नाव्या वर्षी चिमणी म्हटलं म्हणून फुरंगटू नकोस. आईच्या मागे तो हक्क माझा.

पत्रास कारण, तुझा कारकून काल दुपारी सुखरूप पोचला. टेम्पोवाला सांगत होता, वाटभर एकदाही भुंकला नाही, फक्त भेटेल त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होता. भाऊजींनी नाव अगदी पारखून ठेवलं होतं. आमच्या कुत्र्यांच्या निवाऱ्याच्या फाटकात त्याने रखवालदारालाही तसंच पाहिलं, तर रखवालदाराने नकळत सदऱ्याचं वरचं बटण लावून घेतलं.

तू फोनवर रडतेस आणि मला फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून सगळं कागदावरच लिहू या. त्याला घरीच ठेवला असता, पण सासूबाईंचा दमा तुला ठाऊक आहे. निवाऱ्यात तो परका नाही. आठ वर्षं तिथलं रजिस्टर माझ्या हातात आहे. मॅट्रिकच्या गणिताचा एवढाच उपयोग झाला असं हे म्हणतात. कोपऱ्यातला पिंजरा दिलाय, सकाळचं ऊन येतं.

बिल्ला मात्र घातलेला नाही. आमच्याकडे प्रत्येक जनावराच्या गळ्यात नंबराचा पत्र्याचा बिल्ला असतो. जनावर कुणाच्या घरी गेलं किंवा मेलं, की मी तो सोड्याच्या पाण्यात उकळते आणि पुढच्याला बांधते. अध्यक्षीणबाई नवे करून आणू म्हणतात. मी म्हणते, चांगला पत्रा टाकायचा कशाला? पण कारकून पाहुणा आहे, पाहुण्याला नंबर नको. रजिस्टरात लिहिलंय, ‘माझ्या बहिणीचा, परत न्यायचा.’

देवापाशी रोज तुझं आणि कारकुनाचं नाव घेते. जेवत जा. लोभ आहे तो वाढव.

तुझी ताई


९ जून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा न्हाणीघरात, कारण सूनबाई विचारायला लागली की आई, डोळे का लाल. मुलगी वाईट नाही ग, पण लहानपणी कुत्रं चावलंय तिला, नुसत्या भुंकण्यानेसुद्धा पांढरी पडते. चिरंजीव मला म्हणाले की आई, कुत्रा हवा की नातू, ते ठरव. मी म्हटलं, कुत्रा निदान हाक मारली की येतो. तेव्हापासून घरात जरा शांतता आहे.

मी जवळपास तळमजल्याची एखादी खोली शोधतेय. कारकून आणि मी, दोघांना पुरेल एवढी. ज्या दोन घरमालकांनी तोंडावर दार लावलं नाही, त्यांनी लस टोचल्याचा दाखला मागितला. तेवढं तिथेच करून घेशील का?

दोन गोष्टी रखवालदाराला सांग. एक, जवळ कुणी बसल्याशिवाय तो जेवत नाही. दुसरी, गळ्याला हात लावला की तो उजवा पंजा पुढे करतो. ह्यांनी लावलेली सवय. ‘आधी ओळख, मग साखळी’ म्हणायचे. पंजा हातात घ्यायचा, मग तो म्हणाल तिकडे येतो. ओढायचं नाही.

हे गेल्यावर अकरा महिने मी सकाळी उठले ती त्याला बाहेर न्यायचं म्हणून. ताई, माझं म्हणावं असं आता तेवढंच उरलंय. बाकी सगळं मुलाच्या घरचं आहे, अगदी चहाचा कपसुद्धा. त्याला जपशील ना? तुला काय सांगायचं म्हणा.

तुझी,
चिमणी


।। श्री ।।
२६ जून, बुधवार

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस.

दहा दिवसांपूर्वी गाडी भरून कुत्री आली. कुणी पैदाशीचा धंदा करणारा, पोलिसांनी बंद पाडला. बत्तीस जनावरं, अंगावर केस नाहीत, काहींना उजेडाकडे बघता येत नव्हतं. जागा साठांची, आणि झाली नव्वद. पिल्लांमध्ये रोग शिरला. सकाळी गेलं की आधी मेलेल्यांच्या नोंदी, मग जिवंतांच्या. परवा एका पानावर सगळ्या ओळी एकाच रकान्यात गेल्या. देवाला काय म्हणावं कळत नाही. म्हणायचं ते मनातच म्हणते.

डॉक्टर गुरुवारी येतात. जी बरी होणार नाहीत, त्यांची यादी अध्यक्षीणबाई सांगतात आणि मी मंगळवारी सुवाच्य अक्षरात लिहून दवाखान्याच्या खिळ्याला लावते. नुसते नंबर. नावं लिहिली तर हात चालायचा नाही. गुरुवारी मात्र मी निवाऱ्यात पाऊल टाकत नाही. घरी देवासमोर बसून त्या मुक्या जिवांसाठी जप करते. आठ वर्षांत एकही गुरुवार चुकला नाही.

या खेपेस यादीत अकरा. त्यातला एक, कणा मोडलेला, आजच पहाटे आपणहून सुटला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, यादी दुसरी लिहा. मी म्हटलं, एका नंबरासाठी अख्खा कागद? आणि खाडाखोड मला बघवत नाही. गेलेल्याला कोण सुई टोचणार आहे?

आता आनंदाची बातमी. उद्या डॉक्टर लसही टोचणार आहेत. बिल्ला नसेल त्याला टोचणार नाहीत, असा नवा नियम निघालाय. एवढी जनावरं आणि बिल्ले साठ! शेवटी एक मोकळा सापडला, चौदा नंबरचा. स्वच्छ उकळला, उन्हात वाळवला आणि माझ्या हाताने कारकुनाला बांधला. त्याने पंजा दिला, मी घेतला. मग पायापासून डोक्यापर्यंत माझी तपासणी झाली, आणि पास झाले बहुतेक. दाखला आला की पाठवते.

सासूबाई बऱ्या आहेत. खोलीचं कळव. लोभ राहू दे.

तुझी ताई


१ जुलै

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

खोली मिळाली! मुलाच्या घरापासून चार घरं सोडून. मागे हातभर अंगण आहे, दाराची कडी तेवढी मोडकी. घरमालकीण शिंपीण आहे. बोलायला तिखट, पण कुत्र्याला ना नाही. फक्त दाखला हवा म्हणाली. मी म्हटलं, माझी ताई बघतेय, म्हणजे झालाच समजा.

नवल सांगते. सूनबाईने स्वतः एक जुनी सतरंजी दिली. म्हणाली, त्याला खाली गार लागेल. मी घडी घालून ठेवली.

पंधरा तारखेला त्याला न्यायला येते. आदल्या दिवशी अंघोळ घालून ठेव, कानात पाणी जाऊ देऊ नकोस. काल मी रिकाम्या खोलीत तासभर बसून आले. वेडी म्हण हवं तर.

तुझीच,
चिमणी


६ जुलै

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कारकुनाला इथेच एक चांगलं घर मिळालं. निवृत्त मास्तर आहेत, घराला अंगण आहे. त्यांना तो फार आवडला, मला नाही म्हणवेना. तुझ्या वयाला एकटीने कुत्र्याचं करणं झेपलं नसतं. तो सुखात आहे. तू येण्याची दगदग करू नकोस. खोलीचं मालकिणीला नाही म्हणून सांग.

तब्येतीला जप.

ताई


११ जुलै

ताई,

माझा कुत्रा तू मला न विचारता देऊन टाकलास? मुलगा म्हणतो, जाऊ दे आई, मावशीने तुझ्या भल्यासाठीच केलं असेल. सूनबाई मात्र म्हणाली, मावशींचं पत्र वाटत नाही हे. ती म्हणाली आणि मग मलाही दिसलं.

आईच्या शेवटच्या आजारात तिला औषध किती वाजून किती मिनिटांनी दिलं हे लिहून ठेवणारी तू. माझ्या लग्नात कोण कोण जेवलं त्याची यादी अजून तुझ्या ट्रंकेत आहे. त्या तुला मास्तरांचं नाव, गल्ली, घर, काही म्हणजे काही लिहावंसं वाटलं नाही? आणि पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ नाही. चाळीस वर्षं मी तुझी पत्रं वाचतेय. वाण्याला पाठवायच्या चिठ्ठीवरसुद्धा तू ‘श्री’ लिहितेस.

पंधराला येत नाही. पत्ता पाठव, मग येते आणि लांबून बघून जाते. हात लावणार नाही.

चिमणी


।। श्री ।।
१६ जुलै

चि. चिमणीस,

मास्तर नाहीत. अंगण नाही. ‘श्री’ लिहून पुढे खोटं लिहिता येईना, म्हणून तो लिहिला नाही. तू बरोबर ओळखलंस.

कारकून त्याच गुरुवारी गेला. माझ्या यादीने गेला.

कणा मोडलेला जो कुत्रा बुधवारी पहाटे मेला, चौदा नंबरचा बिल्ला त्याचा होता. खिळ्यावरच्या यादीत चौदा तसाच राहिला होता, कारण मला खाडाखोड नको होती. आणि तोच बिल्ला मी उकळून कारकुनाला बांधला. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी या एका डोक्यात होत्या. तुला एकाच पत्रात लिहिल्यासुद्धा. त्या एकमेकींना भेटल्या नाहीत.

शुक्रवारी जावक लिहायला बसले, तर रखवालदाराच्या चिठ्ठीत एकूण अकरा नंबर. मी म्हटलं, दहा हवेत. मग कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे गेले. पट्टा बाहेर खुंटीला होता. त्यांनी बिल्ला काढून पुसून ठेवला होता, मला पुन्हा लागेल म्हणून.

रखवालदाराने डॉक्टरांना विचारलं होतं की साहेब, हा तर धडधाकट दिसतोय. डॉक्टर म्हणाले, ताईंची यादी आठ वर्षांत चुकलेली नाही. रखवालदारालाही वाटलं, बिल्ला ताईंनी काल स्वतःच्या हाताने बांधलाय, बहिणीला न्यायला जमत नसेल, आणि ताईंना सांगवत नसेल. तो मला म्हणाला, तुम्ही असता तर विचारलं असतं. मी नव्हते. मी देवासमोर डोळे मिटून त्या अकरा जिवांसाठी जप करत होते. त्यात तोही होता.

तुझ्यापासून आता काही लपवणार नाही. सुई देताना एकाने मान धरायची असते. रखवालदाराने गळ्याला हात लावल्याबरोबर त्याने उजवा पंजा पुढे केला. डॉक्टरांनी तो हातात घेतला. शीर पुढच्या पायातच शोधतात. ओढावं लागलं नाही.

निवाऱ्याच्या भिंतीमागे चिंचेखाली पुरलाय. मी रजिस्टर सोडणार होते. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, सोडा. पण उद्याची ओळ कोण लिहील ते सांगून जा. सोडलं नाही. यादीत आता नंबरापुढे रंग लिहिते, खूण लिहिते, कुठून आला ते लिहिते. कितीही कागद लागो. गुरुवारी घरी बसत नाही. मान मीच धरते. गेल्या गुरुवारी सहा होते.

क्षमा माग असं मन म्हणतं. पण मागितली तर तुला द्यावी लागेल, तू तशीच आहेस. म्हणून मागत नाही. लोभ असावा हेही लिहीत नाही.

ताई


२४ जुलै

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मुलाने दोनदा जेवायला बोलावलं, मी उठले नाही. सूनबाई आली आणि माझ्याजवळ खाली बसली. ती उठेना, म्हणून मग जेवले.

देवाची इच्छा असं तू लिहिलं नाहीस, ते बरं केलंस. लिहिलं असतंस तर पत्र फाडलं असतं. तुला काय म्हणावं ते माझं मला कळत नाही. दिवसातून दहा वेळा तुझ्याशी भांडते, आणि दहाही वेळा शेवटी तू त्या खुंटीपाशी उभी असतेस.

खोलीला नाही म्हटलं नाही. शिंपिणीने कडी बसवून घेतली. सतरंजी आहे.

त्या बत्तिसातलं एखादं पाठव. म्हातारं, आंधळं, कुणी मागणार नाही असं. टेम्पोने नको, तू स्वतः घेऊन ये, गुरुवार सोडून कुठल्याही दिवशी. बिल्ला काढून आण. नाव मी ठेवीन.

पंजा द्यायला मात्र शिकवणार नाही.

लोभाचं आल्यावर बोलू.

चिमणी