ती जिवंत असतानाचा सिनेमा

माय, आपल्या मालिकेवर सिनेमा निघाला. शेजारच्या चाचींकडे रविवारी आपण बघायचो ती, विहिरीत सापडलेल्या सुनेची. तेव्हा तिला कुणी विचारलं नाही, अर्ध्यातच बंद पडली. आता इंटरनेटवर पोरांनी तिला डोक्यावर घेतलंय. मोबाइलवर चाहत्यांचा ग्रुप आहे आणि त्यात पन्नाशीला टेकलेली तुझी लेकही आहे. पण सिनेमात गोष्ट मालिकेच्या आधीची आहे, सून अजून जिवंत आहे, त्यामुळे ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. बहुतेकांचं म्हणणं, ती मरणार हे माहीत असताना तिला दोन तास भाकऱ्या थापताना काय बघायचं? आमचा फटकळ इन्स्पेक्टर कुठाय? सिनेमाच्या बाजूनं आम्ही तिघंचौघंच, आणि त्यात सगळ्यात कडाकडा भांडणारी मी.

मी लातूरला अकरावीला होते, होस्टेलवर. शनिवारी एसटीनं गावी यायचे. अशाच एका रविवारी तू धपाट्यांचं पीठ तसंच झाकून ठेवतेस आणि हात पदराला पुसत चाचींकडे पळतेस. पडद्यावर इन्स्पेक्टर सासरच्यांना झापतोय आणि तू मध्येच बोलतेस, "भाबी, ही पोरगी जित्ती असताना कशी हुती, ते कुणी सांगतच न्हाई. समदे मेलेलीचंच बोलायलेत." चाची वैतागतात, "अगे चुप बैठ की! खून कौन करा वो तो सुनने दे." घरी आल्यावर तुझा राग माझ्यावर निघाला. "दर आयतवारी कशाला येतीस गं? शिकायला धाडलंय का माझी राखण करायला?" बोलता बोलताच तू धपाटे फडक्यात बांधून दिलेस, वर लसणाची चटणी.

त्याच आठवड्यात भूकंप झाला. तू गेलीस, चाचीही गेल्या. मी होस्टेलवर होते म्हणून उरले.

मग लातूरलाच राहिले. आता एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. लातूर तुला ओळखू यायचं नाही. गल्लोगल्ली होस्टेलं, मेस, खिडक्यांत वाळणारे कपडे, भोकरपासून शिरूर अनंतपाळपर्यंतच्या पोरी. आईचा फोन आला की करवादतात, "ठेव गं, उद्या टेस्ट हाय." ऐकून मला त्यांचा हेवा वाटतो. मी चौथ्या मजल्यावर एकटी राहते. आपलं गाव कळलं की लोक एकच विचारतात, "मॅडम, त्या दिवशी काय झालं?" मीही ढिगाऱ्यापासूनच सुरू करते. लष्कराच्या गाड्या, पाऊस, ओळख पटवायला लागलेल्या रांगा. सांगून सांगून असं झालंय की तुझा चेहरा म्हटलं की मला तोच दिसतो, ओळख पटवताना पाहिलेला. फोटो तर एकही उरला नाही. तुझा जिवंतपणीचा चेहरा विसरले तर माझ्याजवळ काहीच राहणार नाही, माय. याची मला फार भीती वाटते.

लातुरातून सिनेमा आठवड्याभरात उतरला, म्हणून रविवारी नांदेडला गेले. थेटरात पाचसहा डोकी. पडद्यावर ती सून बाजारात वांग्यांवरून भांडत होती, घरी येऊन सासूची नक्कल करत होती. मागं एकजण जांभया देत म्हणाला, "काय घडंनाच झालंय राव." आणि मला एकदम तू दिसलीस. चाचींच्या उंबऱ्यावर फतकल मारून टीव्हीशी वाद घालणारी, कपाळाला पीठ लागलेली. डोळे, दात, सगळं. मी मोठ्यानं हसले.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? सरकारनं गाव दुसरीकडे वसवलं, त्या पत्त्यावर तू कधी राहिलीच नाहीस. मी आपली ग्रुपवर भांडत बसते. काल एका पोरानं विचारलं, "ताई, शेवटचा विहिरीचा सीन कसा वाटला?" मी लिहिलं, "अंगावर आला."

खोटं आहे, माय. मी तो बघितलाच नाही. ती अंगणात बसून केस विंचरत होती, विहिरीकडे निघायला अजून अवकाश होता. तेवढ्यात मी पिशवी उचलली आणि बाहेर निघून आले.