बाबांच्या बाजूचा खड्डा

आई,

मावशीकडून आलीस की आधी हे वाच, मगच झोपायच्या खोलीत जा.

थंडी सरली म्हणून सगळं घर उपसलं. पडदे धुतले, माळा झाडला आणि तुला न विचारता तुमची गादी पिंजायला दिली. तूच नाही का जन्मभर कटकट करायचीस, "मेलं रात्रभर यांच्या खड्ड्यात घरंगळते मी!" म्हटलं, बाबांना जाऊन वर्ष झालं, आता तरी आईला धड झोपू दे.

गादीवाला गेल्यावर अभ्रे धुवायला घेतले, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गादी उचलली तेव्हा तुझी उशी बाबांच्या बाजूला होती. तुझी केसांची पिनही पलंगाच्या त्याच बाजूला सापडली. म्हणजे वर्षभर तू त्या खड्ड्यातच झोपत होतीस. तशीच चप्पल अडकवून दुकानात धावले, पण कापूस पिंजून झाला होता.

गादी आता फळीसारखी सपाट झालीय. चुकलं गं माझं.

आमटी झाकून ठेवलीय, गरम करून घे. मी कामावरून आठपर्यंत येते. आजपासून तुझ्याशेजारी मीच झोपणार. अंगानं बाबांवरच गेलेय, पडेल खड्डा हळूहळू.

धाकटी