श्वास कमी पडतोय

३ ऑक्टोबर, नोबेओका

हरले! माणसाकडून नाही — ट्रेडमिलकडून. नाकातोंडावर मुखवटा, त्याची नळी यंत्राला. शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते मोजतात. शर्यतींच्या हंगामाआधी कंपनी आपल्या संघात धावणाऱ्या आम्हा मुलींची ही चाचणी घेतेच. वेग वाढला, चढ वाढला, आणि माझे पाय लटपटले. आकडा गेल्या वर्षीपेक्षा पार खाली.

आमचे प्रशिक्षक काई सर म्हणाले, "तोमोए, पाय धडधाकट आहेत तुझे. तू अंग चोरतेस."

अंग चोरते? मी?

४ ऑक्टोबर

बाबांना फोन केला. कशाला केला! "भावाच्या वळणावर जाऊ नकोस," म्हणाले.

सातोरुदादा शाळेच्या रिलेत मध्येच खाली बसला होता, छाती धरून. या रिलेत काठीऐवजी खांद्यावरचा पट्टा पुढच्याला द्यायचा असतो; तो पुढच्या मुलापर्यंत पोचलाच नाही. प्रशिक्षक बाबाच. सगळ्यांदेखत ओरडले — "पळपुट्या!" दादाने पुढे घर सोडलं. ओसाकात ट्रक चालवतो. बाबा त्याचं नावही घेत नाहीत.

११ ऑक्टोबर

नदीकाठच्या चढावर जास्तीचे फेरे मारले. संघातली राखीव धावपटू सुमिरे मागून धावत आली, "ताई, थांबा जरा, ओठ पांढरेफटक पडलेत तुमचे!" मी संघातून गळाले तर माझी जागा तिलाच. "तू तुझं बघ," म्हटलं. उगाच बोलले.

१९ ऑक्टोबर

पुन्हा चाचणी. मीच हट्ट धरला. या वेळी इस्पितळात, छातीला तारा चिकटवून. मेले तरी थांबायचं नाही, असं ठरवूनच चढले. थोड्या वेळाने छातीत कुणीतरी मूठ आवळली. काई सर ओरडत होते, "अजून! अजून!" — आणि डॉक्टर हिदाका बाईंनी यंत्रच बंद केलं.

"अहो, दम होता तिच्यात!" सर चिडले.

"रक्तदाब कोसळत होता तिचा. मी यंत्र बंद करायला आणखी थोडं थांबले असते, तर मढ्यावर ओरडत बसला असता तुम्ही."

सर मटकन खुर्चीत बसले. मला हसू आलं. मग रडू.

२४ ऑक्टोबर

हृदयाची भिंत जाड झालीय. शर्यती बंद. कायमच्या.

बाई म्हणाल्या, हे घराण्यातून येतं. धावताना घरात आणखी कुणाच्या छातीत दुखलंय का?

दादा!

बाहेर येऊन त्याला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे ट्रकचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं.

"म्हणजे मी नाटक करत नव्हतो."

"नाही रे दादा."

"परत एकदा सांग ना, तोमो."

परत सांगितलं. तपासून घे म्हटलं. हो म्हणाला. 

२६ ऑक्टोबर

आईबाबांनीही तपासायला हवं. बाबा ऐकेनात. "मी रोज पहाटे धावतो, मला काय धाड भरलीय!" आईने जेवण वाढायचंच बंद केलं, तेव्हा कुठे कबूल झाले. दादाबद्दल चकार शब्द नाही.

२ नोव्हेंबर

आईला काही नाही. बाबांना आहे.

"धावताना कधी दुखलं होतं का?" बाईंनी विचारलं.

बाबांनी मान खाली घातली. "तरुणपणापासून. मला वाटायचं, सगळ्यांनाच दुखतं."